जाऊ नकोस नावाचं मूल

नायजेरियातल्या योरुबा घरांत काही मुलांची नावं हाक मारण्यापेक्षा विनवणी करण्यासाठी ठेवलेली असतात. मालोमो, म्हणजे पुन्हा जाऊ नकोस. दुरोजाये, थांब आणि जगण्याचा आनंद घे. बांजोको, माझ्याजवळ बस. दुरोसिन्मी, निदान मला माती देईपर्यंत तरी राहा. आणि एक नाव असं आहे की अर्थ कळल्यावर काही वेळ बोलवत नाही: कोसोको, म्हणजे कुदळ नाही. खड्डा खणायला घरात आता कुदळच उरलेली नाही, तेव्हा बाळा, तू मरू नकोस, हे आईबाप मुलाला त्याच्या नावातच सांगून ठेवतात.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. आधीची लेकरं दगावली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, कचरू ठेवायची रीत आपल्याकडे होतीच. आपल्या नावांचा रोख मात्र वेगळा. दगडू हे नाव मृत्यूला चकवण्यासाठी असतं: हा तर दगड, याला नेऊन काय करणार? योरुबांकडेही तशी नावं आहेत, आजा म्हणजे कुत्रा हे त्यातलंच. पण त्यांची बरीचशी नावं मृत्यूशी बोलतच नाहीत, ती थेट मुलाशी बोलतात. कारण जायचं की राहायचं हे मूल ठरवतं, अशी तिथली समजूत. नायजेरियन साहित्यातली सगळ्यांत धारदार राजकीय प्रतिमा या समजुतीतून आली आहे, आणि ‘जादुई वास्तववाद’ (रोजच्या वास्तवात अद्भुत सहज मिसळणारी लेखनशैली) असा शिक्का मारला की नेमकी तीच धार बोथट होते असं मला वाटतं.

अशा मुलाला आबीकू म्हणतात. शब्द फोडला तर ‘मरायलाच जन्मलेला’. नैऋत्य नायजेरियातल्या योरुबांची कल्पना अशी की आत्म्यांच्या लोकात या मुलांचा एक सवंगड्यांचा मेळा असतो, त्याला एग्बे म्हणतात. पृथ्वीवर निघताना मूल मेळ्याला शब्द देऊन येतं, अमुक वेळी परत येईन म्हणून. ती वेळ पहिला दात येण्याची असेल किंवा लग्नाच्या आदल्या रात्रीची. वेळ आली की मूल जातं, आणि काही दिवसांनी त्याच आईच्या पोटी पुन्हा येतं. एखाद्या बाईची सात लेकरं गेली, तर ती सात नव्हेत. एकच मूल सात वेळा येऊन गेलेलं.

उपाय ठरलेले असतात. आईबाप बाबालावोकडे, म्हणजे इफा या कौल पाहण्याच्या पद्धतीच्या जाणकाराकडे जातात. तो तेलताडाच्या १६ बिया हातात घोळवून २५६ ओदूंपैकी, म्हणजे ठरलेल्या खुणांपैकी, कोणता ओदू उमटतो ते पाहतो आणि त्या ओदूतल्या श्लोकांवरून काय अर्पण करायचं ते सांगतो. मुलाच्या पायात लोखंडी वाळे आणि घुंगरं घालतात, त्यांच्या आवाजानं मेळ्यातले सवंगडी जवळ येत नाहीत म्हणून. एग्बेला खूश करायला आसपासच्या पोरांना बोलावून खाऊ घालतात. आणि एवढं करूनही मूल गेलंच, तर काही ठिकाणी त्याच्या देहावर डाग देत, बोटाचं टोक कापत. हेतू दोन: परत आलं तर ओळखू यावं, आणि विद्रूप झालेल्या सवंगड्याला मेळ्यानं हाकलून द्यावं. यात क्रौर्य आहे, पण ते हताश माणसाचं क्रौर्य आहे.

वोले सोयिंका आणि जे. पी. क्लार्क या दोन नायजेरियन कवींनी ‘आबीकू’ याच नावानं कविता लिहिल्या. त्या एकापाठोपाठ एक वाचाव्यात. क्लार्कच्या कवितेत पालक बोलतो. उंबऱ्यात घुटमळणाऱ्या मुलाला तो सांगतो, पुरात आमचं छप्पर गळतं हे खरं, रात्री वटवाघळं आत शिरतात हेही खरं, पण याच घरात कितीतरी जण वाढले. एकदाचा आत ये आणि राहा, तुझी आई आता थकली आहे. सोयिंकांच्या कवितेत मूल बोलतं, आणि ते ऐकताना घशाला कोरड पडते. तुमच्या बांगड्या, तुमचे बकरे, कवड्या, तेल, राख, सगळं वाया आहे असं ते सांगतं. गोगलगाय शंखासकट भाजा, तापलेल्या तुकड्यानं माझ्या छातीवर डाग द्या, म्हणजे पुढच्या वेळी मला ओळखाल, असं तेच आईबापांना शिकवतं. एकाच श्रद्धेची दोन टोकं इथं दिसतात: एका टोकाला वाटाघाट, दुसऱ्या टोकाला नकार. पुढच्या सगळ्या कादंबऱ्या या दोन टोकांच्या मधे घडतात.

या श्रद्धेमागे एक वैद्यकीय वास्तवही असावं असं बरेच अभ्यासक मानतात. नायजेरियात साधारण दर चौघांमागे एक जण सिकलसेलचा वाहक असतो. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तपासण्या नव्हत्या त्या काळात एकाच घरातली लेकरं सांधे सुजून, ताप येऊन, एकामागून एक जात आणि शेजारचं घर मात्र सुखरूप राही. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर हा आजार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पण रोगाचं नाव कळलं म्हणून प्रतिमा खोटी ठरत नाही. हे मूल वारंवार का जातं, हा प्रश्न रक्ताच्या तपासणीनं सुटतो. हा देश वारंवार का जातो, हा सुटत नाही.

आता ही नोंद एखाद्या घरातल्या जन्ममृत्यूच्या वहीसारखी वाचा. १ ऑक्टोबर १९६० ला नायजेरिया स्वतंत्र. १५ जानेवारी १९६६ ला लष्करी उठाव, पहिलं प्रजासत्ताक संपलं. त्याच वर्षी जुलैत दुसरा उठाव. जुलै १९६७ ते जानेवारी १९७० बियाफ्राचं यादवी युद्ध. १९७५ ला आणखी एक उठाव, १९७६ ला राष्ट्रप्रमुखाचा खून. १९७९ ला दुसरं प्रजासत्ताक जन्मलं, ३१ डिसेंबर १९८३ ला गेलं. ऑगस्ट १९८५ ला पुन्हा उठाव. १२ जून १९९३ ला निवडणूक झाली, ती लष्करी राजवटीनं रद्द केली, आणि तिसरं प्रजासत्ताक धड डोळेही न उघडता गेलं. २९ मे १९९९ ला चौथं आलं. ते आजवर टिकून आहे. ज्या घरात आबीकू हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे, तिथल्या लेखकाला अशा देशासाठी वेगळी उपमा शोधत बसावं लागत नाही.

सोयिंकांनी तर ही उपमा स्वातंत्र्याच्या महिन्यातच वापरली होती. ऑक्टोबर १९६० च्या सोहळ्यासाठी त्यांनी ‘अ डान्स ऑफ द फॉरेस्ट्स’ हे नाटक लिहिलं. नाटकातही एक सोहळाच आहे: सगळ्या जमाती एकत्र आल्या आहेत आणि त्यांनी देवांकडे आपले थोर पूर्वज पाठवायची मागणी केली आहे. येतात मात्र दोन विटलेली मढी. एक सैनिक, आणि शतकानुशतकं गर्भार राहिलेली त्याची बायको. कित्येक शतकांपूर्वी माता खारिबू नावाच्या राजानं एका राणीच्या कपडेलत्त्यासाठी युद्ध पुकारलं, या सैनिकानं त्या अन्यायी युद्धाला नकार दिला, आणि त्याला गुलाम म्हणून विकण्यात आलं. गुलामांचा व्यापारी दरबारी इतिहासकाराला लाच देतो तो प्रवेशही नाटकात आहे. वैभवशाली भूतकाळाच्या शोधात निघालेल्या नव्या राष्ट्राला सोयिंका सांगतात की तुमच्याही पूर्वजांनी माणसं विकली आहेत. शेवटी त्या बाईला अरण्यात मूल होतं. ते अर्धमूल आहे, धड जन्मलेलं नाही, आणि आपण मेलेलेच जन्मू याची त्याला धास्ती आहे. झेंडा चढला त्याच महिन्यात रंगमंचावर अर्धमूल आणायला केवढं धैर्य लागलं असेल! सात वर्षांनी, युद्धाच्या काळात, सरकारनं सोयिंकांना पकडलं. ऑगस्ट १९६७ ते ऑक्टोबर १९६९, त्यातला बहुतेक काळ एकांत कोठडीत.

याच प्रतिमेला सगळ्यांत मोठं घर दिलं ते बेन ओक्रींनी. ‘द फॅमिश्ड रोड’ ही त्यांची पाचशे पानांची कादंबरी १९९१ मध्ये आली आणि तिला त्या वर्षीचं बुकर मिळालं. ओक्री योरुबा नाहीत. वडील उर्होबो, आईकडून इग्बो नातं. आबीकूशी मिळतीजुळती ओग्बांजे ही इग्बोंची कल्पनाही त्यांना घरचीच. तरी त्यांनी योरुबा शब्द घेतला, कारण सोयिंका आणि क्लार्कमुळे त्या शब्दाला तोवर साहित्यात वजन आलं होतं.

कादंबरीचा निवेदक अझारो हा स्वतःच आबीकू. पाळण्यातलं नाव लाझारो. मेलेला उठून बसल्याची आठवण त्या नावात नको म्हणून अझारो केलेलं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची वस्ती, एका खोलीचं घर, ओझी वाहणारा आणि मुष्टियुद्धाचं वेड लागलेला बाप, दिवसभर डोक्यावर पाटी घेऊन किरकोळ वस्तू विकणारी आई. अझारोनं मेळ्याला दिलेला शब्द मोडला आहे, तो परत जायला तयार नाही, म्हणून सवंगडी त्याला सतत ओढायला येतात. तो का राहिला याची त्यानं अनेक कारणं दिली आहेत, पण त्यातलं एक मला कादंबरीचा कणा वाटतं: जी बाई त्याची आई होणार होती तिच्या मार खाल्लेल्या, थकलेल्या चेहऱ्यावर त्याला हसू पाहायचं होतं. आबीकूला राहता येतं. राहण्यासाठी त्याला कुणाचा तरी चेहरा लागतो.

या एका गोष्टीमुळे ती प्रतिमा दैववादातून सुटते. आपला देशही आबीकू आहे, दर जन्मानंतर रक्त आणि विश्वासघात येतो, असं कादंबरीत शेवटाकडे स्पष्टच म्हटलेलं आहे. पण त्याला जोडूनच हेही येतं की एक दिवस हा देश राहायचं ठरवील. ज्यांना फक्त ‘शापित देश’ एवढंच ऐकू येतं त्यांनी ती वाक्यं अर्धी वाचली.

ओक्रींचं तंत्र बारकाईनं पाहण्यासारखं आहे. वस्तीतून आत्म्यांच्या लोकात जाताना ते दार लावत नाहीत, ‘स्वप्नात’, ‘भास झाला’ असले शब्द वापरत नाहीत, परिच्छेदही बदलत नाहीत. अझारो मादाम कोटोच्या गुत्त्यात बसलेला असतो आणि गिऱ्हाइकांपैकी कुणाचे डोळे जागेवर नाहीत हे तो सहज सांगून जातो. पण खरं राजकारण वस्तूंमधून पुढे सरकतं. मादाम कोटोचा गुत्ता आधी रानाच्या कडेचं साधं ठिकाण असतो, तिथं ताडी आणि तिखट मिरी-सूप मिळतं. मग तिथं श्रीमंतांच्या पक्षाचे लोक येऊ लागतात. पुढे बिअर, पुढे विजेची तार, पुढे मोटारगाडी. इकडे रानातली झाडं पडत जातात. मादाम कोटो फुगत जाते, आणि तिच्या पोटात तीन आबीकू आहेत असं कळतं. सत्तेनं भरलेल्या त्या पोटातून राहणारं मूल येणार नाही, एवढं सांगायला ओक्रींना एकही भाषण लिहावं लागलेलं नाही.

आणि कादंबरीतला सगळ्यांत संतापजनक प्रसंग तर पूर्णपणे जादूविना आहे. श्रीमंतांचा पक्ष ध्वनिक्षेपक लावलेली गाडी घेऊन वस्तीत येतो, दुधाची भुकटी फुकट वाटतो. झुंबड उडते. त्या रात्री वस्ती ओकत असते, दूध नासकं होतं. वस्तीतला एक छायाचित्रकार ती ओकणारी माणसं आणि फेकलेल्या दुधाचे ढीग टिपतो, छायाचित्रं वर्तमानपत्रात येतात, आणि गुंड त्याच्या मागे लागतात. गरिबांचा पक्षही कादंबरीत आहे, त्याच्याकडेही गुंड आहेत. मतांसाठी वाटलेलं काय काय असतं हे ठाऊक असलेल्या वाचकाला इथं कोणत्याही आत्म्यापेक्षा ते दूध जास्त वेळ आठवत राहतं.

एक दोषही सांगायला हवा. पाचशे पानांत तेच तेच प्रसंग फिरून येतात: मुलगा हरवतो, रानात भरकटतो, परत येतो, बाप लढतो, आजारी पडतो, उठतो. हे चक्र आबीकूचंच आहे असं समर्थन करता येतं, पण तीनशेव्या पानाच्या आसपास वाचक दमतो हे खरं. पहिल्यांदा वाचणाऱ्यानं आत्म्यांचा हिशेब ठेवायच्या भानगडीत पडू नये. गुत्ता, रान आणि घरातली उपासमार या तीन गोष्टींवर नजर ठेवावी, बाकीचं आपोआप लागतं.

आता शीर्षकातल्या भुकेल्या रस्त्याबद्दल. हे शीर्षक सोयिंकांच्या ‘डेथ इन द डॉन’ या कवितेतून आलं आहे. पहाटे गाडी चालवताना एक पांढरा कोंबडा काचेवर आदळून मेला, आणि मैलभर पुढे रस्त्यावर नुकताच गेलेला माणूस दिसला, यातून ती कविता झाली. कवितेत आई मुलाला आशीर्वाद देते: रस्ता उपाशी वाट पाहत असेल तेव्हा तू चालायला निघू नकोस. योरुबांमध्ये रस्ता हे ओगुनचं क्षेत्र. ओगुन लोखंडाचा देव, म्हणून लोहार, शिकारी, सैनिक आणि आज चालक, मेकॅनिक, सगळे त्याचे. त्याला कुत्र्याचा बळी लागतो. पारंपरिक धर्म मानणारा साक्षीदार नायजेरियात न्यायालयात लोखंडावर शपथ घेऊ शकतो. पुराणकथेत देव आणि माणसं यांच्यामध्ये दाट रान माजलं होतं, ते तोडून पहिली वाट काढली ती ओगुननं. पण इरे गावच्या लोकांनी त्याला राजा केलं, आणि ताडीच्या नशेत त्यानं युद्धात आपलीच माणसं कापली. वाट काढणारा आणि आपल्याच लोकांना कापणारा, दोन्ही एकच. मुक्तीसाठी आलेल्या लष्कराचं यापेक्षा नेमकं चित्र कुठलं?

ओक्रींच्या कादंबरीत बाप मुलाला रस्त्याच्या राजाची गोष्ट सांगतो. राजाचं पोट भरत नाही, लोक नैवेद्य देतात, दुष्काळ पडतो, नैवेद्य कमी होतो, तेव्हा राजा बोलणी करायला आलेल्यांनाच खातो. शेवटी लोक विष घालतात. राजाची भूक इतकी की तो स्वतःलाच खात सुटतो, नुसतं पोट उरतं, आणि पाऊस ते पोट धुऊन मातीत मुरवतो. तेव्हापासून सगळ्या रस्त्यांत ती भूक आहे. सत्ताधीशाला मारून सत्ता मरत नाही, ती जमिनीत मुरते, हे एका झोपताना सांगायच्या गोष्टीत आलं आहे.

सोयिंकांसाठी मात्र रस्त्याची भूक ही नुसती कविता नव्हती. इफे विद्यापीठात शिकवत असताना इबादान-इफे रस्त्यावर विद्यार्थी मरताना ते पाहत होते. १९६५ च्या ‘द रोड’ नाटकातला प्रोफेसर खोटे परवाने लिहून देतो, अपघातग्रस्त गाड्यांचे सुटे भाग विकायचं दुकान चालवतो, आणि धोक्याच्या वळणाची पाटीच उपटून आणतो. तो ज्या यंत्रणेचा भाग आहे तिला अपघात परवडतात. १९८८ मध्ये नायजेरियात केंद्रीय रस्ता सुरक्षा दल स्थापन झालं तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष सोयिंकाच होते. त्याआधी दोनच वर्षं, १९८६ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं होतं. नोबेल मिळवलेला कवी चालकांना वेगमर्यादा पाळायला लावतो आहे, हे चित्र मला फार मोलाचं वाटतं, कारण पुराणकथा आणि वाहतुकीचे नियम त्यांच्या मनात वेगळ्या कप्प्यांत नव्हते.

मग याला जादुई वास्तववाद म्हणायचं का? हा शब्द १९२५ मध्ये जर्मन कलासमीक्षक फ्रांझ रोह यांनी चित्रकलेसाठी वापरला. साहित्यात त्याच्या जवळची कल्पना मांडली ती क्यूबाच्या अलेहो कार्पेंतिएर यांनी, १९४९ मध्ये, हैतीच्या गुलामांच्या क्रांतीवरच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत. १९४३ मध्ये ते हैतीला गेले होते आणि तिथल्या व्होडू धर्मानं भारावले होते. त्या व्होडूत ओगू नावाचा युद्धदेव आहे. तो ओगुनच. त्याच्या एका रूपाचं नाव ओगू बादाग्री, आणि बादाग्री हे लागोसच्या पश्चिमेचं बंदर, जिथून माणसं जहाजांत कोंबून नेली गेली. म्हणजे हा देव साखळदंडातल्या माणसांच्या मनातून अटलांटिक पार गेला, तिथल्या लेखकाला चकित करून गेला, आणि मग आफ्रिकेतल्या लेखकाला सांगितलं जातं की तुम्ही लॅटिन अमेरिकेची शैली उचलली. तारखाही तसं म्हणू देत नाहीत. डी. ओ. फागुन्वांची शिकाऱ्याची कादंबरी योरुबात १९३८ ला आली. अमोस टुटुओलांची ‘द पाम-वाइन ड्रिंकार्ड’ १९५२ ला.

योरुबा म्हण आहे, जग हा बाजार आणि परलोक हे घर. बाजारात माणूस येतो, व्यवहार करतो, घरी जातो. आबीकू म्हणजे बाजारात पाऊल टाकताच घरी पळणारा. टुटुओलांनी हाच बाजार शब्दशः घेतला. त्यांचा नायक दिवसाला २२५ घडे ताडी रिचवतो. बापानं त्याला ५,६०,००० ताडांची बाग दिलेली आहे. ताडी काढणारा मरतो, आणि नायक त्याला शोधत मेलेल्यांच्या गावाला निघतो. वाटेत एका बाजारात एक देखणा पुरुष भेटतो. एक मुलगी त्याच्या मागे जाते, आणि रानात शिरल्यावर तो एकेक अवयव मूळ मालकाला परत देत, भाडं चुकतं करत जातो. पाय, हात, शेवटी उरते नुसती कवटी. दुसऱ्या एका ठिकाणी नायक आणि त्याची बायको दारातच आपला मृत्यू ७० पौंड १८ शिलिंग ६ पेन्सला विकतात, आणि भीती महिना ३ पौंड १० शिलिंग व्याजानं देतात.

हे आकडे गंमत म्हणून वाचले जातात, पण लेखक कोण होता ते पाहा. सहाच वर्षं शाळा शिकलेला, युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलासाठी धातुकाम केलेला, नंतर लागोसच्या कामगार खात्यात निरोप्याची नोकरी करणारा माणूस. वसाहतीच्या पैशानं कशाकशाला भाव लावला हे तो कार्यालयाच्या दारात उभा राहून रोज पाहत होता. त्याच्या देखण्या पुरुषाचं सौंदर्य इतकं की बाँब टाकणारी विमानंही त्याला पाहून बाँब टाकणार नाहीत, असं तो लिहितो. महायुद्ध संपून तेव्हा सातच वर्षं झाली होती.

भाषांतरात हे सगळं कसं हरवतं याचं सगळ्यांत जुनं उदाहरण एशूचं. एशू हा चौरस्त्याचा, निरोपाचा, अर्थ उलटसुलट करणारा देव. एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल अजायी क्राउथर यांनी बायबलचं योरुबा भाषांतर केलं त्यात सैतानासाठी एशू हा शब्द आला, आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकलेली मुलं आपल्याच देवाला सैतान समजू लागली. सोयिंकांनी १९६८ मध्ये फागुन्वांची कादंबरी इंग्रजीत आणली तेव्हा इरुनमोले या शब्दासाठी demon ऐवजी daemon असं, सैतानाशी घोटाळा होणार नाही असं जुनं स्पेलिंग मुद्दाम निवडलं. मराठीत कुणी आबीकूला ‘पिशाच्च’ केलं तर नेमकी तीच चूक होईल. पिशाच्चाला घालवायचं असतं. आबीकूला ठेवून घ्यायचं असतं.

या पद्धतीवर सगळ्यात कठोर टीका नायजेरियातूनच झाली. डाव्या विचारांच्या तरुण लेखकांनी सोयिंकांना विचारलं की देव आणि नियतीच्या चक्रात शेतकरी कुठे आहे? चक्र फिरतच राहणार असेल तर कर वसूल करणाऱ्याला जबाबदार कोण धरणार? हा आक्षेप मला रास्त वाटतो. आत्मा कथेतून काढून पाहावा. प्रसंग तसाच राहिला तर तो आत्मा दागिना होता. आणि आत्म्यामुळे माणूस निर्दोष सुटत असेल तर तो लेखकाचा पळपुटेपणा.

फेमी ओसोफिसान यांनी नुसती टीका न करता उत्तर लिहिलं. ‘मोरुनतोदुन’ हे त्यांचं १९७९ चं नाटक मोरेमीच्या दंतकथेवर उभं आहे. इफे नगरावर रानातून आत्मे धाड घालत. राणी मोरेमी मुद्दाम त्यांच्या हाती सापडली, त्यांच्यात राहिली, आणि ते आत्मे म्हणजे गवताचे पेंढे पांघरलेली माणसं आहेत हे तिनं ओळखलं. परत येऊन तिनं सांगितलं, पुढच्या वेळी मशाली घेऊन उभे राहा. म्हणजे बुरखा फाडण्याची रीत या पुराणकथेच्या पोटातच होती. ओसोफिसान ती १९६८-६९ च्या आग्बेकोया बंडात नेऊन ठेवतात. कराच्या बोज्याविरुद्ध पश्चिम नायजेरियातले शेतकरी उठले होते. ‘ओके मेफा’, सहा पोतीच भरू, ही त्यांची घोषणा. कवड्यांच्या जुन्या हिशेबात एक पोतं म्हणजे पाच शिलिंग, सहा पोती म्हणजे तीस. इबादानचा तुरुंग फोडून त्यांनी आपली माणसं सोडवली. नाटकातली श्रीमंत घरची तितुबी स्वतःला मोरेमी समजून पोलिसांची हेर होते, मुद्दाम कोठडीत जाऊन बसते, शेतकरी तुरुंग फोडतात तेव्हा त्यांच्या तळावर पोचते. तिथं पेंढ्याखालची माणसं तिला खरोखर दिसतात, आणि ती त्यांच्या बाजूची होते. मोरेमीनं आपल्या नगरासाठी जे केलं ते तितुबी आपल्याच वर्गाविरुद्ध करते.

आयोबामी आदेबायो यांची ‘स्टे विथ मी’ ही कादंबरी २०१७ ची. तोवर सिकलसेलची तपासणी होते, डॉक्टर नाव सांगतात. येजिदे आणि आकिन यांचं इलेशातलं घर, १९८५ चा उठाव रेडिओवर ऐकणारं. दोन लेकरं गेलेली. तिसरीचं नाव रोतिमी, माझ्याजवळ राहा. आजार ठाऊक असूनही नाव मात्र आबीकूचंच, कारण सासूनं धरलेला धागा डॉक्टरांच्या कागदानं तुटत नाही. येजिदे या वेळी मुलीत जीव गुंतवायला तयार नाही. दोनदा जे झालं ते तिसऱ्यांदा सोसायची ताकद तिच्यात नाही. १९९३ च्या निवडणुकीच्या धामधुमीत मुलीला झटका येतो, आणि ती गेलीच असं धरून येजिदे घर सोडून जाते. देशाची निवडणूक रद्द होते. पुढची पंधरा वर्षं ती एकटी काढते, एका अंत्यविधीचं निमंत्रण येईपर्यंत. ती जाते. तिथं एक मोठी झालेली मुलगी तिच्यासमोर येते आणि तिला हाक मारते, मूमी.